अपंगत्व हितलाभ आणि सेवानिवृत्तीनंतरचा वैद्यकीय विमा

बेळगाव शहरातील खासबाग, वडगाव व शहापूर हे भाग विणकरांचे म्हणून ओळखले जातात. तथापि, या वस्त्यांतील सर्वच हात मागावर नाहीत. उद्यमबागेतील फौंड्री व यंत्रांच्या कारखान्यांत राबणारे कामगारही येथेच राहतात. यंत्रावर काम करताना हात निकामी झालेल्या कामगाराच्या मनात वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षाच्या सुमारास एक प्रश्न हमखास उभा राहतो : आता दवाखान्याचे काय? दरमहा मिळणाऱ्या रकमेसंबंधी तो जागरूक असतो. दवाखान्याच्या हक्कासंबंधी मात्र त्याला बहुधा कोणीच काही सांगितलेले नसते.

राज्य कामगार विमा योजना १९४८ च्या अधिनियमान्वये सुरू झाली. दि. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अंमलात आल्यानंतर हीच योजना त्या संहितेचा भाग झाली आहे. कामावर असताना झालेल्या दुखापतीमुळे कायमचे अपंगत्व आल्यास वैद्यकीय मंडळ कमाईक्षमतेतील घट टक्केवारीत ठरविते आणि त्या प्रमाणात रोख हितलाभ मिळतो. एका हाताची चारही बोटे गेल्यास ही घट ५० टक्के धरण्यात येते. समजा, अशा कामगाराचे सरासरी दैनिक वेतन ६०० रुपये होते. त्याच्या ९० टक्के म्हणजे ५४० रुपये हा पूर्ण दर, आणि त्याच्या निम्मे म्हणजे २७० रुपये हा त्याचा रोजचा हितलाभ होय.

हा रोख हितलाभ आजीवन आहे. सेवानिवृत्तीचे वय झाले म्हणून तो बंद होत नाही, हयातीचा दाखला मात्र वेळेवर द्यावा लागतो. वैद्यकीय हितलाभाची गोष्ट निराळी आहे, आणि गोंधळ होतो तो येथेच. रोख रक्कम खात्यात जमा होत आहे, त्याअर्थी दवाखान्याचे कार्डही चालू असणार, असे कामगार गृहीत धरतो.

वस्तुतः कायम अपंगत्वामुळे ज्याची नोकरी सुटली, त्याला वैद्यकीय हितलाभ चालू ठेवण्यासाठी स्वतः अंशदान भरावे लागते. दरमहा १० रुपये, म्हणजे वर्षाचे १२० रुपये, एकरकमी व आगाऊ, असा हा दर होता. ही सवलत तो धडधाकट असता तर ज्या दिवशी नियत वयोमानाने निवृत्त झाला असता, त्या दिवसापर्यंतच असते. निवृत्त विमाधारकांसाठी दुसरी तरतूद आहे : किमान पाच वर्षे विमायोग्य नोकरी करून नियत वयोमानाने निवृत्त झालेला कामगार त्याच दराने स्वतःसाठी व पती अथवा पत्नीसाठी वैद्यकीय हितलाभ घेऊ शकतो. मुलांचा व आईवडिलांचा त्यात समावेश नाही. वर्षाचे १२० रुपये ही रक्कम एखाद्या खाजगी दवाखान्यातील एका वेळच्या तपासणीलाही पुरणार नाही. इतक्या अल्प मोलाचा हक्क केवळ अर्ज न केल्यामुळे जावा, हे खेदजनक आहे.

अमेरिकेत अपंगत्वाचे निवृत्तिवेतन पूर्ण निवृत्तिवयाला आपोआप वार्धक्याच्या निवृत्तिवेतनात बदलते, आणि सरकारी आरोग्यविमा तर साधारणतः अपंगत्वाच्या हितलाभाचे २४ महिने झाल्यावरच लागू होतो. आपल्याकडे कार्यालय कामगाराचा शोध घेत येत नाही. कामगारानेच कार्यालयात जावे लागते, आणि तेही मुदत उलटण्यापूर्वी. म्हणून नियत वयोमानाच्या तारखेआधी दोन-तीन महिने शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी, आणि पुढील हितलाभ कोणत्या तरतुदीखाली व किती अंशदानावर मिळणार, याचे उत्तर लेखीच मागावे. विमा क्रमांक, अपंगत्वाच्या निर्णयाची प्रत, जन्मतारखेचा पुरावा आणि नोकरीचा कालावधी दर्शविणारा मालकाचा दाखला जवळ असावा. कारखाना बंद पडल्यावर हा शेवटचा कागद मिळविणे किती कठीण होते, हे भुक्तभोगीच जाणतात. तो नोकरीत असतानाच घेऊन ठेवलेला बरा.

घरच्या मागावर विणणाऱ्या विणकराला या योजनेचे छत्र नाही. ती दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते. नव्या संहितेत त्याहून लहान आस्थापनांना मालक व बहुसंख्य कामगार यांच्या संमतीने स्वेच्छेने सामील होता येते. दोन-चार यंत्रमागांच्या मालकांनी याचा विचार करावयास हरकत नाही. तूर्त अशा कुटुंबांचा आधार म्हणजे २०१८ पासूनची आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटक योजना. तीत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. महाराष्ट्र शासनानेही २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला.

वयाची ७० वर्षे पूर्ण केलेल्या सर्व नागरिकांना, उत्पन्न कितीही असो, ५ लाख रुपयांचे आयुष्मान भारत संरक्षण देण्याची योजना केंद्र शासनाने दि. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू केली. राज्य कामगार विमा योजनेचा लाभ घेणाऱ्यांनाही ती वर्ज्य नाही. त्यामुळे सत्तरी गाठल्यावर जुने विमाकार्ड परत करण्याचे कारण नाही. बाह्यरुग्ण तपासणी व नित्याची औषधे विमा योजनेच्या दवाखान्यातूनच मिळतात. आयुष्मान कार्ड उपयोगी पडते ते रुग्णालयात दाखल व्हावे लागल्यास. मधुमेह वा रक्तदाबाच्या गोळ्या रोज घेणाऱ्या वृद्ध दांपत्याने ते वार्षिक अंशदान दरवर्षी मुदतीपूर्वी भरून पावती कार्डासोबत ठेवावी.