ब्रोशरवर पुराची रेषा नसते

‘सांगलीत घर घ्यायचं तर विश्रामबागेतच, बाकी काही खरं नाही.’ हे वाक्य मूळ एजंटाचं. आता पाहुणेरावळेही तेच ऐकवतात. विश्रामबाग उंचावर आहे, त्यामुळे तिथला भाव निव्वळ हवेतला नाही, हे मान्य. पण उंची तिथंच संपत नाही, कुपवाडकडेही जमीन चढीच आहे. ‘एमआयडीसीचं गाव’ म्हणून लोक नाक मुरडतात ते कुपवाड १९९८ पासून महापालिकेत आहे आणि कृष्णेचा पूर तिथवर पोचत नाही. ड्रेनेजचं रडगाणं मात्र जुनं. गल्ली बघूनच ठरवा.

नदीपासून लांब म्हणजे कोरडं, हा त्याहून महागात पडणारा समज. शामरावनगर घाटापासून लांब आहे, पण सखल. २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली (धोक्याची पातळी ४५), तेव्हा ते बुडालंच. पण एरवी नुसत्या पावसानंही तिथल्या मोकळ्या प्लॉटांत पाणी तुंबून राहतं. तिथला प्लॉट स्वस्त मिळतो, पण भरावाचा आणि उंच जोत्याचा खर्च त्यात धरलेला नसतो. निळी आणि लाल पूररेषा पाटबंधारे खात्याच्या नकाशावर सापडते, ब्रोशरवर नाही. किंवा कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारा, ‘२०१९ ला पाणी कुठवर होतं?’ तो भिंतीला हात लावूनच दाखवतो.

‘नोटरी झालीय, घरपट्टी भरतोय, म्हणजे जागा आपली.’ नाही. घरपट्टीच्या पावतीनं मालकी ठरत नाही. असे बिनपरवाना पाडलेले गुंठ्यांचे प्लॉट, म्हणजे गुंठेवारी, नियमित करण्याचा कायदा २००१ चा. २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी त्यात आली. विकणाऱ्याकडे नियमितीकरणाचा दाखला आहे का, एवढं विचारलं की निम्मे व्यवहार तिथंच थंडावतात.

तिकडे साताऱ्यात सध्या ‘हायवे टच’चं वेड आहे. जाहिरातीतली ‘पाच मिनिटं’ कोणत्या वेळेची, हे कुणी सांगत नाही. २०२० च्या हद्दवाढीत शाहूपुरी, विलासपूर पालिकेत आले. पण हद्दीत येणं वेगळं आणि नळाला पुरेसं पाणी येणं वेगळं. उलट अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या जुन्या पेठा ‘पार्किंग नाही’ म्हणून बाद ठरतात. तक्रार खरी आहे. पण राजवाडा, मंडई, शाळा पायी अंतरावर, आणि कास तलावाचं पाणी उतारानंच गावात येतं. गाडी एकच असेल तर जुन्या वाड्याच्या जागेवरचा छोटा फ्लॅट बघायला हरकत नाही.

टोकन देण्याआधी एकदा भर जुलैत जागा बघा. एजंट ‘दिवाळीनंतर या’ म्हणाला, तर त्याला जुलैचीच तारीख द्या.