शेवटचं पाकीट

डिजिटलच्या जमान्यात डार्करूमचा कागद कोण वापरतं, असं वाटतं ना? वापरतात काही वेडे. फक्त त्यांचा आवडता कागद एकेक करून बाजारातून गायब होत गेला...

प्रत्येक घरात 'खास प्रसंगासाठी' जपून ठेवलेली एक तरी वस्तू असते. कुणाची पैठणी, कुणाचा ड्यूटी-फ्रीमधून आणलेला परफ्यूम. माझ्याकडे होतं कागदाचं एक पाकीट. आठ बाय दहा इंच, अॅग्फा मल्टिकॉन्ट्रास्ट क्लासिक, ग्लॉसी. किचनच्या माळ्यावर, दिवाळीच्या फराळाच्या डब्यांमागे ते वर्षानुवर्षं पडून होतं.

पाकीट मुळात मामाचं. कुर्ल्याला त्याचा छोटासा स्टुडिओ होता. पासपोर्ट, लग्न, बारसं, सगळं चालायचं. पण रविवारी दुपारी शटर अर्धं खाली ओढून तो स्वतःचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो प्रिंट करायचा. २००५ साली मी अंधेरीच्या एका अॅड एजन्सीत नुकतीच चिकटले होते. आठवडाभर दुसऱ्यांच्या डेडलाइन्स आणि रविवारी मामाचा लाल दिवा! ट्रेमधल्या कोऱ्या कागदावर हळूहळू चेहरा उमटताना पहिल्यांदा बघितला आणि टोटल फिदा झाले.

दोन महिन्यांत दोन दणके

त्या वर्षी जूनमध्ये बातमी आली. कोडॅक वर्षअखेरपर्यंत ब्लॅक अँड व्हाइट कागद बनवणं बंद करणार. शंभराहून जास्त वर्षं हा कागद बनवणारी कंपनी! मामाने पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाला, "असू दे. माझ्याकडे दोन वर्षांचा स्टॉक आहे."

पुढच्याच महिन्यात २६ जुलै आला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. मामाच्या स्टुडिओत छातीभर पाणी. दोन वर्षांच्या स्टॉकचा दोन तासांत लगदा झाला. भिंतीवरच्या फ्रेम्स गेल्या आणि त्यात मामीचा एक फोटोही गेला. १९७१ सालचा. लग्नानंतरचा पहिला पावसाळा, दादरची चौपाटी, पांढरी साडी आणि वाऱ्याने उडालेला पदर. वाचलं ते फक्त पोटमाळ्यावरचं. निगेटिव्हचा पत्र्याचा डबा आणि अॅग्फाचं हे एक पाकीट.

"मामीचा फोटो यावरच करू," मामा म्हणाला. "पण घाईत नको. चांगल्या दिवशी करू."

एक गेला की दुसरा नाही

आता तुम्ही म्हणाल, एक कागद गेला तर दुसरा घ्यावा, त्यात काय एवढं?

फंडा असा आहे. प्रिंटरचा कागद आणि हा कागद यांत फक्त नावाचं साम्य. डार्करूमच्या कागदावर जिलेटिनमध्ये मिसळलेल्या चांदीच्या क्षारांचा थर असतो. तुमचा-आमचा जुना 'ब्रोमाइड' हा शब्द त्यातूनच आला. उजेड लागला की हे क्षार बदलतात आणि डेव्हलपरमध्ये त्यांची काळी चांदी होते. फायबर कागदात या थराखाली बेरियम सल्फेटचा पांढराशुभ्र लेप असतो. हल्लीच्या आरसी कागदाला प्लास्टिकचं कोटिंग असतं, त्यामुळे तो मिनिटा-दोन मिनिटांत धुऊन होतो. फायबरला बराच वेळ पाण्यात ठेवावं लागतं, वाळताना तो पापडासारखा वळतो. पण त्यातला काळा रंग खरा काळा. एकदा बघितला की दुसरं काही पसंत पडत नाही.

कुठला कागद किंचित तपकिरी, कुठला थंड निळसर. कुणी सावलीतलं सगळं दाखवतो, कुणी झाकतो. आईच्या हातची आमटी आणि कॅन्टीनची आमटी, डाळ तीच असते ना? तसंच. आणि नुसती रेसिपी हातात असून भागत नाही. तेच मशिन, तोच मूळ कागद, तीच चव कळणारी माणसं लागतात. शिवाय ही मशिन्स अवाढव्य. एकदा सुरू केली की कागदाचे प्रचंड रोल बाहेर पडतात. गिऱ्हाईक कमी झालं म्हणून 'थोडासाच बनवा' म्हणता येत नाही. म्हणून हा धंदा हळूहळू आटत नाही. एक दिवस मशिन थांबतं आणि संपतं.

थांबलंही तसंच. अॅग्फाने २००४ मध्ये फिल्म आणि कागदाचा धंदा वेगळा काढून विकला. नव्या अॅग्फाफोटो कंपनीचं मे २००५ मध्येच दिवाळं वाजलं. हंगेरीतल्या व्हाट्स गावची फोर्टे २००७ मध्ये बंद झाली. तिच्या पॉलिवॉर्मटोन कागदासाठी जगभरचे लोक हळहळले. इंग्लंडची इल्फर्डही २००४ मध्ये बुडायला आली होती. २००५ मध्ये तिथल्याच मॅनेजर मंडळींनी ती विकत घेतली, म्हणून वाचली.

आणि आपली 'इंदू'? ऊटीची हिंदुस्तान फोटो फिल्म्स, सरकारी कंपनी. १९६० मध्ये स्थापना, १९६७ पासून उत्पादन. मामाच्या पिढीचे हात इंदूवरच बसले. १९९६ मध्ये ती आजारी उद्योग ठरली आणि पुढे कायमची बंद झाली. तिच्यामागे आपल्याला उरला फक्त इम्पोर्टेड कागद.

तो चांगला दिवस

दरम्यान मामाचा स्टुडिओ बंद झाला. एनलार्जर त्याच्या घरच्या बाथरूममध्ये आला आणि पाकीट माझ्या घरी. "तुझ्याकडे सांभाळून ठेव," तो म्हणाला होता. मी ठेवलं. माळ्यावर. गॅसच्या बरोबर वर, मुंबईच्या उकाड्यात. फ्रिजमध्ये ठेवायला हवं होतं हे मला माहीत होतं. पण फ्रिजमध्ये इडलीच्या पिठालाच जागा नसायची, आणि चांगला दिवस काय, येईलच की!

मामी गेली. वर्षश्राद्धाच्या आधी मामाचा फोन आला. "अगं, ते पाकीट आण."

मामा आता ऐंशीच्या घरात. डोळ्यांची ऑपरेशन्स झालेली. पण लाल दिवा लागला आणि त्याचे हात पूर्वीसारखे चालायला लागले. पाकीट फोडलं. पहिला कागद एक्सपोज केला, डेव्हलपरमध्ये टाकला. चेहरा आला. पाठोपाठ सगळ्या कागदावर करडेपणा चढला. साडी करडी, आभाळ करडं, कडेची कोरी पट्टीसुद्धा करडी. फोटोतला पांढरा रंग म्हणजे कागदाचा स्वतःचा पांढरा. तोच गेला तर आणणार कुठून?

मी गप्प. मामाने बेन्झोट्रायझोल घातलं. त्याने करडेपणा थोडा मागे हटला, पण त्याबरोबर चेहऱ्यावरचा जीवही गेला. सहा कागद वाया गेल्यावर त्याने दिवा लावला.

"मामा, चूक माझी आहे. मी माळ्यावर ठेवलं होतं."

तो हात पुसत म्हणाला, "आणि मी वीस वर्षं चांगला दिवस शोधत होतो. ती समोर बसलेली असताना."

त्याच्यावर काय बोलणार?

हा तो कागद नाही, पण...

दुसऱ्या दिवशी मी कागद ऑर्डर केला. झेक प्रजासत्ताकातल्या ह्राडेत्स क्रालोव्हे शहरात फोमा नावाची कंपनी १९२१ पासून आहे आणि अजूनही कागद बनवते. तिचा फोमाटोन, फायबर, वॉर्म टोन. पार्सल आलं तेव्हा वर्षश्राद्ध होऊन गेलं होतं.

टेस्ट स्ट्रिप बघून मामाने नाक मुरडलं. "हा तो कागद नाही." मग फिल्टर बदलला, वेळ वाढवला, साडीचं टेक्श्चर यावं म्हणून तिथे जास्त उजेड दिला. चेहऱ्यावर हाताची सावली धरून तोंडाने आकडे मोजत राहिला. टायमर त्याने कधीच वापरला नाही. चौथा प्रिंट धुऊन, गादीखाली दाबून, सपाट करून दोन दिवसांनी खिडकीपाशी नेला.

बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "काळा बरा आलाय." आणि थोड्या वेळाने, "साडी इतकी पांढरी नव्हती गं. नीळ फार घालायची ती."

फोटोच्या मागे त्याने पेन्सिलीने मामीचं नाव लिहिलं, १९७१ लिहिलं आणि खाली कागदाचं नाव. आत्ता तो फोटो त्याच्या टीव्हीच्या वर आहे. फोमाटोनचं उरलेलं पाकीट माझ्या फ्रिजमध्ये, इडलीच्या पिठाच्या शेजारी. पण फार दिवस राहणार नाही. दर रविवारी दोन कागद, असं आमचं ठरलंय.

करून बघायचंय?

• सुरुवात आरसी कागदाने करा. चटकन धुतला जातो, वळत नाही. इल्फर्ड मल्टिग्रेड आणि फोमास्पीड दोन्ही अजून बनतात.

• मल्टिग्रेड कागद घेतला की एकाच पाकिटात सगळं कॉन्ट्रास्ट मिळतं. फक्त फिल्टर बदलायचे.

• कुणाच्या माळ्यावर जुना कागद सापडला तर आधी फॉग टेस्ट करा. एक तुकडा अंधारात सरळ हायपोत टाका, दुसरा उजेड न देता आधी डेव्हलपरमध्ये आणि मग हायपोत. दुसरा करडा दिसला तर कागद गेला.

• पाकीट हवाबंद पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, आत दव धरतं.

• घरात पत्र्याचा निगेटिव्हचा डबा असेल तर या रविवारीच उघडा.