थुंब्याच्या रॉकेटातला ‘साउंड’

२१ नोव्हेंबर १९६३ रोजी तिरुवनंतपुरमजवळच्या थुंबा या मच्छीमारांच्या गावातून एक छोटं रॉकेट आकाशात गेलं आणि भारताच्या अवकाश कार्यक्रमाची सुरुवात झाली. त्या जातीच्या रॉकेटांना ‘साउंडिंग रॉकेट’ म्हणतात. रॉकेटाचा कानठळ्या बसवणारा आवाज पाहता हे नाव त्यावरूनच पडलं असावं, असं कुणालाही वाटेल. पण या ‘साउंड’चा आवाजाशी काडीचाही संबंध नाही. त्याचा अर्थ थांग घेणं. वातावरणाच्या वरच्या थरांचा थांग घेणारं, म्हणून साउंडिंग रॉकेट. इंग्रजी शब्दकोशात ‘साउंड’पुढे आवाज, निरोगी, सामुद्रधुनी आणि थांग घेणं असे अर्थ सापडतात. एकाच शब्दाला कालांतराने या फांद्या फुटल्या, ही समजूत फार पसरलेली आहे आणि ती चुकीची आहे. वेगवेगळ्या मुलखांतून आलेले शब्द उच्चार झिजत आणि बदलत जाऊन एका रूपात येऊन थांबले, असं इतिहास सांगतो.

आवाज या अर्थाचा शब्द लॅटिन ‘सोनुस’पासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. मध्ययुगीन इंग्रजीत तो ‘सून’ असा, शेवटच्या ‘ड’शिवाय होता, तो ‘ड’ बोलताबोलता मागाहून चिकटला. ठोकणे या अर्थाच्या ‘पाउंड’लाही असाच ‘ड’ जोडला गेला आहे. या ‘सोनुस’चं नातं थेट संस्कृत ‘स्वन’शी आहे, म्हणजे आपल्या भाषाशास्त्रातला ‘स्वनिम’ आणि दवाखान्यातली ‘सोनोग्राफी’ हे एका कुळातले शब्द. निरोगी या अर्थाचा ‘साउंड’ मात्र अस्सल जर्मानिक. जर्मन लोक आजही निरोगीला ‘गेझुंड’ म्हणतात. ‘साउंड स्लीप’ म्हणजे गाढ झोप, ती याच कुळातली. सामुद्रधुनीचा ‘साउंड’ पोहणे या अर्थाच्या जुन्या ‘सुंड’पासून आला. डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या सामुद्रधुनीच्या ‘ओरेसुंड’ या नावात तो अजून जिवंत आहे.

राहिला थांग घेणारा ‘साउंड’. तो फ्रेंच ‘सोंदे’ या क्रियापदावरून आला. जहाजावरचे खलाशी दोरीला शिशाचं वजन बांधून पाण्यात सोडत आणि खोली वावांत मोजत. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर भरणारं अंतर. इंग्रजी ‘फॅदम’चा मूळ अर्थही तोच. वजनाच्या बुडाला खळगा करून त्यात चरबी भरत, म्हणजे तळाची वाळू की चिखल तेही वर येई. शल्यवैद्यांकडे शरीरातल्या पोकळीची खोली मोजण्यासाठी बारीक दांडी असते, तिलाही ‘साउंड’च म्हणतात. हवामान खात्याच्या फुग्यांना टांगलेल्या ‘रेडिओसोंड’मध्ये तर फ्रेंच रूप जसंच्या तसं दिसतं.

यावर एक वाजवी आक्षेप असा, की आज समुद्राची खोली ध्वनिलहरी पाठवून, त्यांचा प्रतिध्वनी परत यायला लागणाऱ्या वेळावरून मोजतात. मग आवाज आणि थांग यांचा संबंध नाही कसा? संबंध आहे, पण तो यंत्राने विसाव्या शतकात जोडला. शिशाची दोरी त्याआधी कितीतरी शतकं निःशब्दपणे हे काम करत होती आणि शब्द तिच्या काळातला आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जुन्या इंग्रजीत खोली मोजायच्या काठीला ‘सुंडग्यर्ड’ म्हणत, त्यामुळे फ्रेंच शब्दच मुळात त्या ‘सुंड’वरून गेला असण्याची शक्यता अभ्यासक मांडतात. तसं असेल, तर सामुद्रधुनी आणि थांग हे एकाच घरचे ठरतील आणि चार कुळांची तीन होतील. माझ्या मुद्द्याला त्याने धक्का लागत नाही, उलट बळच मिळतं. नातं जुळतं ते जुन्या कागदांतल्या पुराव्याने; आज दोन अर्थ जवळचे वाटतात की लांबचे, यावरून ते ठरवता येत नाही.

सामान्य बोलणाऱ्याला या वंशावळीची गरज काय, असंही विचारलं जातं. बोलताना खरंच नाही. संदर्भ अर्थ सांगून जातो. पण भाषांतर करताना पडते. ‘साउंडिंग रॉकेट’ला ‘ध्वनी-रॉकेट’ म्हटलं, तर ते वर कशासाठी गेलं हेच वाचकाला कळणार नाही.