लाल धूळ आणि फुप्फुसांचे राखणदार

डिचोली तालुक्यातील वाचकांस लाल धुळीची ओळख करून देण्याचे कारण नाही. मये, पाळी, वेळगे, आमोणे या गावांनी खनिजाच्या ट्रकांमागे उडणारी धूळ वर्षानुवर्षे पाहिली आहे. २०१२ साली खाणी बंद झाल्या. पुढे त्या काही काळ चालल्या. परंतु २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि १६ मार्चपासून उत्खनन पुन्हा थांबले. तदनंतर लिलाव होऊन २०२४ साली डिचोलीत खनिज पुन्हा निघू लागले. घरची चूल पेटावी म्हणून रोजगार हवा आणि जगावे म्हणून निर्मळ श्वासही हवा, असा हा पेच आहे.

धुळीतील जाड कण नाकात व घशात अडकतात. अडीच मायक्रॉनहून बारीक कण मात्र थेट फुप्फुसांतील वायुकोषांपर्यंत पोहोचतात. तेथे भक्षक पेशी पहारा देत असतात. त्या कणांना गिळतात आणि प्राणवायूपासून बनलेली तीव्र द्रव्ये सोडतात. कणांत विरघळणारे लोह असल्यास ही द्रव्ये अधिकच दाहक होतात. शत्रूवर रोखलेल्या या आगीत घरच्याच भिंती होरपळतात. दमा व खोकला बळावतो तो अशा दाहामुळे.

ही आग आवरण्याची सोयही निसर्गाने केली आहे. फुप्फुसांच्या आतील पातळ द्रवात 'क' व 'ई' जीवनसत्त्वे आणि ग्लुटाथायोन असतात. त्यांनाच प्रतिऑक्सिडीकारके म्हणतात. मेक्सिको शहरातील १५८ दमेकरी मुलांवर झालेल्या व २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ही दोन जीवनसत्त्वे दिल्याने दूषित हवेचा श्वसनावरील परिणाम काहीसा सौम्य झाल्याचे आढळले.

म्हणून औषधी गोळ्यांच्या मागे लागावे काय? तसे आम्ही म्हणणार नाही. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपानी पुरुषांवर झालेल्या प्रयोगात बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसांचा कर्करोग घटण्याऐवजी वाढलाच, हे १९९४ साली उघड झाले. अन्नातून मिळणारे तत्त्व आणि गोळीतील मोठी मात्रा ही एकच नव्हेत.

आपल्या परसात पेरू आहे, आवळा आहे, शेवग्याचा पाला आहे. पेडण्याच्या डोंगरउतारांवरील काजूचे बोंडू तर 'क' जीवनसत्त्वात संत्र्यासही मागे टाकतात. मुलांच्या पानात ताजे फळ व पालेभाजी नित्य असावी. भाजी फार वेळ शिजवू नये. घरातील विडी-सिगारेट बंद व्हावी आणि चुलीच्या धुरास बाहेर वाट मिळावी.

परंतु वाचकहो, आवळा खाऊन धूळ नाहीशी होत नाही. ट्रकांवर ताडपत्री घालणे, रस्त्यांवर पाणी मारणे व वस्तीतून जाणारी वाहतूक आवरणे हे खाणचालकांचे व सरकारचे काम आहे. ते त्यांच्याकडून करवून घेणे, हे आपल्या सर्वांचे कर्तव्य होय.