चांद दिसला तर उद्या, नाहीतर परवा

ईदच्या दावतीचं आमंत्रण पक्क्या तारखेचं नसतं. रोजे २९ होणार की ३०, हे एकोणतिसाव्या संध्याकाळी चंद्रकोर दिसते का यावर ठरतं. म्हणून शेजाऱ्यांना सांगायचं ते असं, ‘चांद दिसला तर उद्या या, नाहीतर परवा.’

जुन्या नाशकात, चौक मंडईत किंवा कोकणीपुऱ्यात, तेवढंही सांगावं लागत नाही. दार उघडं असतं, येणारा येतो. गंगापूर रोडवरच्या सोसायटीत खाली वॉचमन, वर बंद दार. शिवाय ‘त्यांच्या घरचेच पाहुणे असतील, आपण मध्ये कशाला’ हा शेजाऱ्यांचा संकोच. त्यामुळे इथल्या ईदची तयारी किराण्याच्या यादीआधी फोनपासून सुरू होते.

स्वयंपाकघरात या अनिश्चिततेचा पहिला फटका खारकेला. शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर, असा हा फारसी शब्द. खारीक रात्रभर भिजली तरच नीट चिरता येते. भिजवली आणि चांद दिसला नाही, की ती आणखी एक दिवस फ्रीजमध्ये. चारोळीला एवढी घाई नसते, कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवून हातावर चोळली की साल सुटतं. दूधवाल्याला मात्र दोन्ही दिवसांचं आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण चांदरातीला सगळ्यांनाच जास्तीचं दूध हवं असतं.

सकाळी नमाजाला निघण्याआधी खजूर खायचे, तेही विषम संख्येत. फित्रा त्याआधीच गरजूंच्या हाती पोचलेला हवा. तो घरातल्या प्रत्येक माणसामागे द्यायचा असतो, तान्ह्या बाळाचासुद्धा. त्यांच्याही घरी त्या दिवशी चूल पेटावी म्हणून. मग त्र्यंबक रोडवरचं शाहजहानी ईदगाह मैदान. जायचं एका रस्त्याने आणि यायचं दुसऱ्या, ही पैगंबरांची रीत. गंगापूर रोडकरांना ती सोपी आहे. जाताना कॉलेज रोड, येताना अशोक स्तंभ.

दुपार नातलगांची. फुफी, खाला, त्यांची मुलं, ईदी, बिर्याणी. यात कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. खरी कसोटी संध्याकाळी, ऑफिसातून परतलेले शेजारी आणि मित्र येतात तेव्हा. सकाळचा शिरखुर्मा तोवर घट्ट गोळा झालेला असतो, कारण शेवया दूध पिऊन टाकतात. जाणती गृहिणी संध्याकाळसाठी मेव्याचं दूध वेगळं आटवून ठेवते आणि तुपात परतलेल्या शेवया पाहुणे आल्यावरच त्यात सोडते. सकाळचंच गरम करून पुढे केलं, तर ते शेजाऱ्यांना कळतं, बोलत नाहीत एवढंच.

आणि ताट कुणासाठी काय, हे पंचांग पाहून ठरतं. हिजरी वर्ष सौर वर्षाहून साधारण ११ दिवसांनी लहान, त्यामुळे ईद दर वर्षी मागे सरकते आणि मराठी सणांना भेटत जाते. २०२२ मध्ये ३ मे रोजी आणि २०२३ मध्ये २२ एप्रिलला ईद अक्षय्य तृतीयेच्याच दिवशी आली. २०२५ मध्ये ३० मार्चला गुढीपाडवा होता. सूर्यास्ताच्या सुमारास गुढ्या उतरल्या आणि त्याच वेळी पश्चिमेला चंद्रकोर दिसली. दुसऱ्या दिवशी ईद, तोही सोमवार आणि चैत्र नवरात्राचा. अशा दिवशी अनेक घरांत सामिष चालत नाही. तेव्हा दहीवडे, छोले-पुरी, मटार पुलाव हे वेगळ्या भांड्यांत, वेगळ्या पळीने. पाहुण्याने विचारण्याआधीच यजमानाने ‘हे सगळं शाकाहारी आहे’ म्हणून टाकलं की दोघांचाही अवघडलेपणा जातो.

अलीकडे डबा पोचवून मोकळं होण्याची सवय वाढते आहे. डबा सोयीचा खरा, आणि मराठी शेजारीण तो रिकामा परत करत नाही, हेही खरं. पण डबा लिफ्टमधून जातो. माणसं अर्धा तास समोरासमोर बसत नाहीत. ‘वहिनी, डबा नको, तुम्हीच या’ हे हट्टाने म्हणावं लागतं.

त्या दिवशी कुणाची शिफ्ट असते, कुणाच्या मुलाचा पेपर असतो. त्यांच्यासाठी दुसरा दिवस आहे, बासी ईद. फ्रीजमध्ये एक लिटर दूध आणि डब्यात मूठभर परतलेल्या शेवया तेवढ्यासाठीच राखून ठेवलेल्या असतात.