आडात असेल तेच पोहऱ्यात

‘वेळ आली की बरोबर सुचतं,’ असं आपण सहज म्हणून जातो. प्रत्यक्षात जिवावरच्या प्रसंगात सुचायला उसंतच नसते. छाती धडधडते, नजर समोरच्या धोक्यावर खिळते, बोटं कापू लागतात. अशा वेळी हात तेच करतात, जे त्यांच्याकडून शेकडो वेळा करून घेतलेलं असतं.

अमेरिकेतल्या पोलिसांना हा धडा अनेक वर्षं एका कहाणीतून शिकवला गेला. ५ एप्रिल १९७०ची मध्यरात्र. कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसच्या उत्तरेला न्यूहॉल इथे महामार्ग पोलिसांनी एक मोटार अडवली. आतल्या दोघा गुन्हेगारांनी गोळीबार केला आणि पाचेक मिनिटांत चार पोलीस ठार झाले. चौघेही पंचविशीच्या आतले. त्यांतला जेम्स पेन्स रिकामं रिव्हॉल्व्हर पुन्हा भरत असतानाच मारला गेला. त्याच्या खिशात म्हणे रिकाम्या पुंगळ्या सापडल्या! सरावाचं मैदान स्वच्छ राहावं म्हणून पुंगळ्या हातात घ्यायची सवय होती, तीच नडली, असं सांगण्यात येई.

मला ही कहाणी लगेच पटली. एनसीसीत पॉइंट टू-टू रायफलीचा सराव झाला की आम्हीही गवतात वाकून पुंगळ्या वेचत असू. त्या मोजून दिल्याशिवाय सुटका नसे.

पण पुढे त्या घटनेचे पुरावे नीट तपासले गेले, तेव्हा पेन्सच्या पुंगळ्या जमिनीवरच पडल्या होत्या असं दिसून आलं. म्हणजे कित्येक वर्षं एका मेलेल्या पोराच्या माथी न केलेली चूक मारली जात होती. खरी उणीव शिकवणीतच होती. सरावाला हलकी काडतुसं, गस्तीवर मात्र पेन्सच्या रिव्हॉल्व्हरमध्ये जबर दणक्याची. सहा गोळ्या एकेक करून भरायच्या, तेही समोरून गोळ्या येत असताना. निवांत मैदानावर कागदी निशाणाचा वेध घेणाऱ्याला याची सवय होणार कुठून? आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

न्यूहॉलनंतर तिथली शिकवणी बदलली. सहाही गोळ्या एकदम भरता येतील असं साधन पोलिसांना मिळालं आणि सराव प्रत्यक्ष प्रसंगाच्या जवळ नेण्यात आला.

आपल्या घरात बंदूक नसते, गॅसचं सिलिंडर असतं. अंधाऱ्या स्वयंपाकघरात शिरताना हात आपसूक दिव्याच्या बटणाकडे जातो. गॅसचा वास येत असेल तर तेवढी एक ठिणगी पुरे. बटणाला हात लावायचा नाही, रेग्युलेटर बंद करायचा, खिडक्या-दारं उघडायची, हे आपल्याला तोंडपाठ आहे. पण ते हातांना ठाऊक आहे का? एखाद्या रात्री दिवा न लावता, घरातल्या मुलांसकट, एवढं करून पाहायला काय हरकत आहे? पाच मिनिटांचं तर काम.