पोटाच्या आतले व्रण: ऑपरेशननंतर आतडी का चिकटतात?

पोटाच्या ऑपरेशनचा बाहेरचा व्रण आपल्याला दिसतो. आज मी बोलणार आहे आतल्या, न दिसणाऱ्या व्रणांबद्दल. डॉक्टर त्यांना ॲढेजन्स म्हणतात. आपण म्हणतो, ‘आतडी चिकटली’.

हे होतं कसं? पोटातल्या गुळगुळीत, ओलसर अस्तरामुळे आतडी एकमेकांवर सहज सरकतात. ऑपरेशनमध्ये हे अस्तर खरचटतं, कोरडं पडतं. काही तासांतच तिथे फायब्रिनचं चिकट जाळं तयार होतं. शरीर ते थोड्या दिवसांत विरघळवतं. जिथे विरघळत नाही, तिथे त्याचा घट्ट पट्टा बनतो आणि आतडं दुसऱ्या आतड्याला किंवा पोटाच्या भिंतीला चिकटतं. पूर्वी सर्जनच्या हातमोज्यांवरची पावडरही याला हातभार लावायची. अमेरिकेने २०१७ मध्ये असे मोजे बंद केले.

पण लगेच घाबरू नका. पोट उघडून ऑपरेशन झालेल्या बहुतेकांच्या पोटात थोडंफार चिकटतंच, आणि त्यातल्या पुष्कळांना कधीच त्रास होत नाही. सर्जन चुकला असाही याचा अर्थ नाही.

प्रश्न येतो तो पट्ट्यात आतडं अडकलं की. मग रस्ताच बंद! हे ऑपरेशननंतर कित्येक वर्षांनीही होऊ शकतं. लक्षणं लक्षात ठेवा: थांबून थांबून येणाऱ्या कळा, पोट फुगणं, उलट्या, आणि गॅस-संडास दोन्ही बंद. अशा वेळी ओवा, सोडा, ॲसिडिटीची गोळी घेऊन रात्र काढू नका. जुलाबाचं औषध तर नाहीच नाही. थेट हॉस्पिटल गाठा. दुखणं सतत राहिलं, ताप आला, तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असू शकतो.

हे पट्टे स्कॅनमध्ये सहसा थेट दिसत नाहीत. पण रस्ता कुठे अडलाय, ते सीटी स्कॅनवरून कळतं. बरेचदा तोंडाने काही न देता, सलाईन लावून आणि नाकातून नळी घालून आतडं मोकळं होतं. लगेच ऑपरेशन का नाही? कारण नव्या ऑपरेशनने नवे पट्टे तयार होऊ शकतात. रक्तपुरवठा धोक्यात असेल, तर मात्र थांबून चालत नाही.

म्हणून एकच सांगणं. ‘आधी ऑपरेशन झालंय का?’ असं डॉक्टरांनी विचारलं, तर सगळं सांगा. सिझर, अपेंडिक्स, गर्भपिशवी, दुर्बिणीतून केलेलं, वीस वर्षांपूर्वीचं, सगळं! डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि घरातल्या एकाला तरी माहीत असू द्या.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!